मेंदूचं ऑपरेशन जागेपणी, मग भूल कसली देतात?

तुमच्या भावाची गाठ बोलण्याच्या केंद्राला लागून आहे, डॉक्टर त्याला जागं ठेवणार म्हणतात, आणि तुम्ही विचारताय की पूर्ण भूल का देत नाहीत, त्याला दुखणार नाही का. मी भूलतज्ज्ञ आहे. अशा ऑपरेशनला मी पेशंटच्या तोंडासमोरच बसलेली असते.

मेंदूला स्वतःला दुखत नाही. दुखते ती डोक्याची कातडी, हाडावरचं आवरण आणि मेंदूभोवतीचा पडदा. त्यासाठी कपाळ, कानशील आणि मानेच्या मागच्या नसांपाशी बधिर करणारी इंजेक्शनं देतो. टोचताना ती चुरचुरतात, हे त्याला आधीच सांगून ठेवा.

कवटी उघडेपर्यंत बहुधा प्रोपोफॉल चालू असतं. दुधासारखं पांढरं औषध. बंद केलं की थोड्या वेळात माणूस डोळे उघडतो. दुसरं डेक्समेडेटोमिडिन. त्याची गुंगी नेहमीच्या झोपेच्या जवळची, हाक मारली की पेशंट ओ देतो. श्वास फारसा दबत नाही, नाडी मात्र मंदावते, म्हणून मॉनिटरवरून नजर हलत नाही. मिडाझोलाम हे गुंगीचं आणखी एक औषध मी इथे टाळते. बोलणं अडखळलं तर ते औषधाने की गाठीपाशी हात लागल्याने, हे कळायला हवं ना!

नातेवाईक कळवळून म्हणतात, थोडी जास्त गुंगी द्या. पण गुंगी वाढली की श्वास मंदावतो, रक्तात कार्बन डायऑक्साइड साठतो, मेंदूतल्या रक्तवाहिन्या फुगतात आणि मेंदू कवटीच्या खिडकीतून वर येऊ लागतो. भाऊ घोरत असेल, झोपेत श्वास अडकत असेल, तर कृपा करून लपवू नका.

कवटी उघडून तो जागा झाला की मी चित्रं दाखवते, तो नावं सांगतो. "ही गाय." "हे कुलूप." सर्जन मेंदूला विजेचा बारीक प्रवाह लावतात आणि "ही..." वर तो थांबतो. डोळ्यांत ओळख दिसते, शब्द येत नाही. प्रवाह काढताच, "छत्री!" ती जागा सर्जन राखतात, तिथे कापत नाहीत. या प्रवाहाने कधी फिट येते. तेव्हा मेंदूवर बर्फासारखं थंड सलाईन ओततात, बहुतेकदा तेवढ्याने ती थांबते.

घरी मराठी आणि कामावर हिंदी बोलत असेल तर तेही सांगा, दोन्ही तपासता येतात. गाठ डावीकडे असेल तर बहुधा उजव्या कुशीवर ठेवतील. घरी तसं तासभर न हलता पडून बघू दे. खांद्याला रग लागत असेल तर भूलतज्ज्ञांना आधी कळवा, म्हणजे उशा त्या हिशेबाने लावता येतील.