सरकारी अनुदानावर गावात काजू युनिट टाकावं की मुंबई गाठावी?

तुम्ही लिहिलंय की बी.कॉम. झालंय, गाव सावंतवाडीजवळ, घरची काजूची बाग आहे. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमातून बी फोडून गर काढायचं 10 लाखांचं युनिट टाकायचं की मुंबईला नोकरी बघायची, ते ठरत नाहीये. मी याच पट्ट्यात बी घेऊन काजूगर विकतो, तेवढ्या अनुभवावर सांगतो.

अनुदान मिळतं, पण हातात पडत नाही. ग्रामीण भागात खुल्या प्रवर्गाला प्रकल्प खर्चाच्या 25 टक्के, महिला, ओबीसी, अनुसूचित जाती-जमाती यांना 35 टक्के. 10 लाखांत स्वतःचे 1 लाख घालायचे (35 टक्केवाल्यांना 50 हजार), उरलेलं बँकेचं कर्ज. अनुदानाची रक्कम बँक तुमच्या नावे 3 वर्षं अडकवून ठेवते. तिच्यावर व्याज मिळत नाही आणि तेवढ्या कर्जावर लागतही नाही. युनिट चालू राहिलं तर नंतर ती कर्जात वळती होते. मधेच कुलूप लागलं तर अनुदान गेलं. म्हणून ‘पस्तीस टक्के फुकट’ म्हणत फिरणाऱ्या एजंटला चहा पाजा आणि वाटेला लावा. अर्ज ऑनलाइन स्वतः भरता येतो, अडलं तर जिल्हा उद्योग केंद्रात विचारा.

आता खरी गोची. काजू बी मिळते मार्च ते मे. वर्षभर युनिट चालवायचं तर वर्षाची बी तेवढ्यातच घेऊन, वाळवून, पोती भरून ठेवावी लागते. साधारण 4 किलो बीतून 1 किलो गर निघतो, म्हणजे किती पैसा गोदामात पडून राहील याचा हिशेब तुम्हीच करा, बी.कॉम. आहात. लोक बॉयलर, कटर, ड्रायरची कोटेशनं हौसेने आणतात आणि खेळत्या भांडवलाचा रकाना कसाबसा भरतात. मग पावसाळ्यात मशीन चकचकीत, सोलायला आलेल्या बायका बसून, आणि बी नाही. खेळतं भांडवल या योजनेत बसतं, ते नीट मागा. आणि कर्ज फेब्रुवारीपर्यंत हातात येईल अशा बेताने अर्ज करा. मे महिन्यात मंजूर झालेलं कर्ज त्या वर्षापुरतं बिनकामाचं.

मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेचंही विचारलंत, म्हणजे कामावर ठेवून प्रशिक्षण देणारी राज्य सरकारची योजना. 2024 मध्ये ती आली तेव्हा पदवीधराला महिना 10 हजार विद्यावेतन होतं, पण ते मुदतीचं काम आहे, नोकरी नव्हे.

मला विचाराल तर कोकणात सगळ्यात जास्त पोटं भरली ती 1990 च्या सुमारास रोजगार हमीला जोडलेल्या फळबाग लागवडीने. आपल्याकडच्या कितीतरी आंबा-काजूच्या बागा त्यातूनच उभ्या राहिल्या. आज त्याच आंब्याच्या बागांत नेपाळी कामगार राबतात आणि आपली पोरं विरारच्या लोकलला लटकतात, हा भाग वेगळा.

तेव्हा माझं मत: बी घरची असेल तर टाका. सगळीच विकत घ्यायची असेल तर आधी एक-दोन वर्षं दुसऱ्याच्या युनिटवर काम करा, बीची पारख आणि गराचं ग्रेडिंग शिका.

सातबारा मात्र आजच काढून बघा. जमिनीची किंमत प्रकल्प खर्चात धरत नाहीत, पण शेड कुणाच्या जागेत, हे बँक विचारतेच. आपल्याकडे एका सातबाऱ्यावर वीस-वीस नावं, त्यातली निम्मी डोंबिवलीला, दोन वारलेली. वारसनोंद राहिली असेल तर तलाठ्याकडे अर्ज द्या. भाडेपट्टा करायचा तर सगळ्या हिस्सेदारांच्या सह्या लागतील, आणि त्या फोनवर मिळत नाहीत. चाकरमानी गणपतीला येतात, तेव्हा मसुदा तयार ठेवा, आणि भाडेपट्टा नोंदवायला सावंतवाडीचं दुय्यम निबंधक कार्यालय त्या आठवड्यात कुठल्या दिवशी उघडं आहे ते आधी विचारून ठेवा.