युरिक ॲसिड वाढलं की किडनी स्टोन होतोच का?
होतोच असं नाही. घणसोलीला आमच्या भावोजींचं रक्तातलं युरिक ॲसिड नॉर्मल होतं तरी खडा युरिक ॲसिडचाच निघाला. खरी भानगड लघवीच्या ॲसिडिकपणाची असते, पीएच (ॲसिडिकपणा मोजायचा आकडा, जितका कमी तितकी लघवी ॲसिडिक) ५.५ च्या खाली राहिला की युरिक ॲसिड नीट विरघळत नाही, कण जमतात नि खडा होतो, त्यात पाणी कमी प्यायलं की विचारूच नका. भावोजी तुर्भे एमआयडीसीत भट्टीजवळ, दिवसभर घामाघूम, पाण्याची बाटली एकच, लघवी कोऱ्या चहासारखी. शुगरवाल्यांना आणि वजन जास्त असलेल्यांना पण रिस्क जास्त. साध्या एक्सरेत हा खडा बहुतेक दिसतच नाही, सोनोग्राफी नाहीतर सीटी लागते (त्यांना आधी गॅसची गोळी देऊन घरी पाठवलेलं, असो). बरं म्हणजे हा औषधाने विरघळू शकतो, पोटॅशियम सायट्रेट (लघवीचा ॲसिडिकपणा कमी करणारं औषध) देऊन पीएच ६.५ च्या आसपास ठेवतात, कॅल्शियमवाला खडा असा विरघळत नाही. पण स्वतःच्या मनाने घेऊ नका, किडनी कमजोर असेल तर रक्तातलं पोटॅशियम वाढतं. आणि पालक बंद करून इथे फायदा नाही, ते ऑक्सलेटचा (पालकात असतं ते) खडा होणाऱ्यांचं, तुम्ही कलेजी, मटण, तारली, बिअर कमी करा आणि दिवसाला दोन-अडीच लिटर लघवी होईल एवढं पाणी प्या.