जुन्या काळी फळांच्या खोक्यांवरच्या चित्रांना भुलून लोक खरंच माल घ्यायचे का? आमच्या गुळासाठी तसं लेबल करून घ्यावं का?

भुलायचे, पण तुम्ही ज्यांना 'लोक' म्हणताय ते नव्हेत. कॅलिफोर्नियातल्या संत्र्यांच्या लाकडी खोक्यांवर १८८० च्या दशकापासून पुढे सत्तरेक वर्षं ती रंगीत लेबलं लागली, खोक्याच्या आखूड बाजूला. न्यूयॉर्क-शिकागोच्या लिलावात थप्पी लागली की तेवढीच बाजू दिसे, आणि बघणारा असे घाऊक व्यापारी. बाईच्या हातात पडायचं ते सुटं संत्रं, पातळ कागदात गुंडाळलेलं. म्हणून तर १९०८ मध्ये 'सनकिस्ट' नाव घेतल्यावर तिथल्या बागायतदारांच्या संघाने ते त्या कागदावरही छापलं आणि कागद जमवून पाठवणाऱ्यांना चमचे दिले.

वॉशिंग्टनच्या सफरचंदवाल्यांची युक्ती मला जास्त आवडते. चित्र तेच, पण मागचा रंग निळा असला तर एक नंबर माल, लाल असला तर त्याखालचा.

आमची देवगडला आंब्याची कलमं आहेत. अप्लाइड आर्ट करून मी घरी आले त्या वर्षी पेटीसाठी विजयदुर्गाचा बुरूज काढला. निळा चांगल्या मालाला, लाल डागी मालाला. दादा म्हणाला, "चित्र बघून आंबे कोण घेता गो?" आणि फक्त निळा छापून आणला. तो सगळ्या पेट्यांवर चिकटवला. वरचा थर देखणा, खाली डागी.

पहिल्या दोन खेपांची पट्टी, म्हणजे विक्रीचा हिशेब, झकास आली. तिसऱ्या खेपेला मी स्वतः वाशीच्या घाऊक बाजारात गेले होते. एक खरेदीदार आला, फळी उचलायलाही सांगितली नाही त्याने. बुरुजावर बोट ठेवलं, "हा तोच ना? खाली डागी असतो याच्या," आणि शेजारच्या पेटीकडे वळला. तिच्यावर शाईने मारलेली दोन अक्षरं, बाकी कोरी फळी.

तेव्हापासून दर गणपतीत ऐकतेय, 'हिच्या चित्रानं धंदा बसला.' अरे, चित्राने त्याचं काम चोख केलं! माणसाने तीन आठवड्यांत आपला मार्का ओळखला. ओळखून काय आठवायचं, ते पेटी भरणाऱ्याच्या हातात होतं.

तेव्हा लेबल जरूर करा, दोन प्रतींचा गूळ असेल तर दोन रंगांत करा, आणि ढेपा भरायला भाऊ असेल तर त्याच्याशी आधी बोलून घ्या. अमेरिकेतले काही दुकानदार संत्र्यांची खोकी लेबल पुढे करून मांडत, म्हणजे बायकांनाही ती दिसत असणार; वर मी जरा ठोकून बोलले. गुळाच्या बाजाराचा मला अनुभव नाही, हेही धरून चाला.

आणि दादा, वाचत असशील तर, लाल छपाईचे जास्तीचे सोळाशे रुपये लागणार होते. फक्त सोळाशे.