चामड्याची पारंपरिक सायकल सीट तिच्या नावलौकिकाला आणि किमतीला साजेशी असते का?

चामड्याच्या सीटची एवढी स्तुती होते ती खरी आहे का आणि तिच्यासाठी साध्या सीटच्या कितीतरी पट पैसे मोजावेत का, असे आपण विचारले आहे. दिवसाला तीन-चार तासांहून अधिक वेळ सायकलवर बसणाऱ्याने ते जरूर मोजावेत, असे माझे मत आहे.

या सीटमध्ये फोम किंवा जेल नसते. जाड चामड्याचा एकच तुकडा पुढच्या टोकापासून मागच्या धातूच्या पट्टीपर्यंत ताणून रिव्हेटने पक्का केलेला असतो आणि बसणारा त्यावर झोळीत बसावे तसा तोलला जातो. मऊ फोम पहिल्या तासाला सुखद वाटतो, परंतु बैठकीची हाडे त्यात रुतली की तो मधल्या नाजूक भागावर दाबून वर येतो आणि तेथे मुंग्या येऊ लागतात. चामडे मात्र त्या दोन हाडांखालीच हळूहळू खोलगट होते. माझ्या सीटला त्यासाठी सुमारे पाचशे किलोमीटर लागले आणि पहिले दोन आठवडे खरोखर त्रासाचे गेले, हे सांगितलेच पाहिजे.

ब्रुक्स ही इंग्लंडमधील कंपनी १८६६ साली स्थापन झाली आणि तिची बी१७ ही सीट एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून जवळजवळ त्याच घडणीत बनते आहे. तिचे वजन अर्ध्या किलोच्या आसपास भरते आणि ती बरीच रुंद असते. म्हणून हँडल सीटच्या उंचीला किंवा त्याहून वर असेल तरच ती सोयीची ठरते. शर्यतीच्या सायकलवर खूप खाली वाकून बसणाऱ्याच्या मांड्या तिच्या कडांना घासतात, आणि अशांना मी ती घेऊ नका असेच सांगेन.

अनेकांची निराशा निगेमुळे होते. चामडे लवकर मऊ व्हावे म्हणून पातळ तेल भरपूर चोळले, तर ते कायमचे सैल पडते. मेणासारखे घट्ट मलम वर्षातून दोन-तीनदा पुरते. तेही खालच्या बाजूने लावायला विसरू नये, कारण चाकावरून उडणारे पाणी तेथेच मुरते. भिजलेल्या सीटवर बसू नये, ती उन्हात वा शेगडीजवळ न ठेवता सावलीत सुकू द्यावी. पुढच्या टोकाखालचा ताणाचा बोल्ट चामडे दिसण्याइतके खचल्यावरच, एका वेळी पाव फेरा, फिरवावा.

इतके सांभाळले तर ती दहा वर्षे सहज टिकते आणि तेवढ्या काळात बदलाव्या लागणाऱ्या फोमच्या सीटांचा खर्च धरला, तर किमतीतील अंतर बरेच कमी होते. मात्र पैसे वाचवण्यासाठी दुसऱ्याची वापरलेली सीट घेऊ नका. तिच्यातील खळगे त्याच्या हाडांच्या मापाचे असतात.