जग एक दिवस संपणारच असेल, तर ख्रिस्ती माणसाने पर्यावरणाची काळजी का करावी?

तुमच्या चर्चमधली मंडळी म्हणतात की देवाने माणसाला पृथ्वीवर सत्ता दिली आहे, आणि शेवटी हे जग जाऊन नवं येणारच आहे, मग हवामानबदलाचा घोर आपल्या जिवाला कशाला? मी वसईचा कॅथलिक. धर्मशास्त्र शिकलेलो नाही, पण हा वाद आमच्याकडे थेट वाडीच्या बांधापर्यंत आलेला आहे, म्हणून लिहितो.

आधी वचनांचं बघू. बायबलमधल्या उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात सत्ता आहे, नाकारण्यात अर्थ नाही. पण दुसऱ्याच अध्यायात देव माणसाला बागेत ठेवतो तो तिची मशागत आणि राखण करायला. लेवीय २५ मध्ये दर सातव्या वर्षी जमिनीला विसावा द्यायची आज्ञा आहे, आणि जमीन माझी, तुम्ही इथे उपरे, असं देव तिथेच बजावतो. अनुवाद २० तर शहराला वेढा घातलेला असतानाही फळझाडांवर कुऱ्हाड चालवू देत नाही. आणि जगाच्या अंताचीच गोष्ट काढायची असेल, तर त्या मंडळींना प्रकटीकरण ११:१८ वाचायला सांगा. न्यायाच्या त्या वेळी पृथ्वीची नासाडी करणाऱ्यांचाच नाश व्हायचा आहे.

सत्तेच्या वचनावरून झोडपणारे बाहेरचेही होतेच. लिन व्हाइट या इतिहासकाराने १९६७ साली लेख लिहून पर्यावरणाच्या संकटाचं खापर पाश्चात्त्य ख्रिस्ती विचारावर फोडलं. गंमत म्हणजे शेवटी त्याने असिसीच्या संत फ्रान्सिसचंच नाव पुढे केलं, आणि १९७९ मध्ये पोप दुसरे जॉन पॉल यांनी याच संताला पर्यावरणाचा आश्रयदाता संत जाहीर केलं. २०१५ मध्ये पोप फ्रान्सिस यांचं ‘लाउदातो सी’ हे परिपत्रक आलं. हवामान ही सगळ्यांची सामायिक ठेव आहे आणि ती बिघडल्याचा फटका आधी गरिबाला बसतो, हा त्यातला मला सगळ्यात पटलेला भाग.

आता वसई. आमचा पश्चिम पट्टा म्हणजे एका बाजूला समुद्र, दोन बाजूंना खाड्या. अशा जमिनीत पावसाचं गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत राहतं. रहाटाने पाणी बेताने निघायचं. पंप आले, मग विहिरींचं पाणी टँकरने इमारतींना जाऊ लागलं आणि खारं पाणी वर सरकलं. केळीला आणि पानवेलीला ते चालत नाही. पूर्वी वाडीत बावखल असायचं. म्हणजे खोदलेलं तळं, पावसाचं पाणी धरून हळूहळू जमिनीत मुरवणारं, आणि उन्हाळ्यात त्यातला गाळ झाडांना खत म्हणून जायचा. नळ आल्यावर कित्येक बावखलं भराव टाकून बुजवली. जुलै २०१८ च्या पावसात वसई पाण्याखाली गेली तेव्हा अनेकांना पहिल्यांदा त्यांची आठवण झाली. अतिवृष्टी वाढणार आणि पाणी मुरायला जागा उरणार नाही, हवामानबदल आमच्याकडे येतो तो असा.

पाण्याच्या आणि जमिनीच्या या लुटीविरुद्ध हरित वसई संरक्षण समिती उभी राहिली आणि तिचं नेतृत्व फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी केलं. (पुढे २०२० च्या उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, तेच.) मोर्चे काढायचे, बिल्डर आणि गुंड दोघांच्या डोळ्यांत खुपायचं, हे धर्मगुरूचं काम का, असं तेव्हाही विचारलं गेलं. माझ्या मते तेच काम होतं. कारण अडचण देवाच्या वचनात नव्हती. पाणी विकणारे, जमिनी विकणारे काही आमचेच होते, रविवारी मिस्साला पुढच्या बाकावर बसणारे. ध्रुवावरच्या बर्फाबद्दल प्रवचन ऐकून कोणाच्या पोटात दुखत नाही. भरावाबद्दल बोललं की दुखतं.

त्यामुळे तुम्ही चर्चमध्ये मोठ्या चर्चेने सुरुवात करू नका. आवारात पडणारं पाणी कुठे जातं ते आधी बघा. छपराचं पाणी गटारात जात असेल तर ते विहिरीत किंवा शोषखड्ड्यात वळवा. आवारात सगळीकडे पेव्हर ब्लॉक असतील तर निदान झाडांभोवतीचे काढायची मागणी करा. मग कळेल, खरा विरोध प्रकटीकरणाचा नसतो, पार्किंगचा असतो.