नाताळला गाण्याची, नाव घातलेली भेट काय द्यावी आणि गाणं कोणतं निवडावं?

वहिनींना नाताळची भेट द्यायचीय, त्या वसईच्या आणि चर्चच्या क्वायरमध्ये, म्हणजे गायनवृंदात, गाणाऱ्या, असं तुम्ही लिहिलंय. मग स्पॉटिफायचा कोड छापलेली ॲक्रिलिकची फ्रेम देऊच नका. तो कोड म्हणजे गाण्याचा पत्ता. उद्या ते रेकॉर्डिंग तिथून काढलं, की भिंतीवर नुसत्या रेघा उरतात. गाणाऱ्या बाईला हातानं हँडल फिरवायचा, कागदी पट्टीवर वाजणारा छोटा म्युझिक बॉक्स द्या, आणि पट्टी स्वतः टोचा, म्हणजे दर स्वराला एक भोक पाडा. चावीचा बॉक्स नको. त्यातल्या नळकांड्यावरच्या खुंट्या कारखान्यातच बसवलेल्या असतात, जे गाणं आलं तेच कायमचं.

कागदी पट्टीचे बॉक्स 15, 20 आणि 30 स्वरांचे मिळतात. 15 स्वरांच्या बॉक्सची पट्टी 41 मिमी रुंद, 20 आणि 30 वाल्यांची 70 मिमी. बहुतेक 15 स्वरी बॉक्समध्ये पांढरी एकपासून, म्हणजे कीबोर्डवरच्या सी पासून, पुढची दोन सप्तकं असतात, फक्त शुद्ध स्वर. कीबोर्डवरच्या काळ्या पट्ट्यांचा स्वर एकही नाही. घेण्याआधी हे लक्षात ठेवा, कारण सगळा घोळ इथेच होतो.

गाणं निवडायचं तर ‘सायलेंट नाइट’. संपूर्ण चाल शुद्ध स्वरांत आहे आणि खालच्या सा पासून वरच्या सप्तकातल्या म पर्यंतच जाते, म्हणजे 11 स्वर. 15 मध्ये आरामात बसते. प ध प ग, प ध प ग, मग वरचा रे रे नी, वरचा सा सा प, अशी सुरुवात. मोजून 46 भोकं.

आता याच गाण्याची फजिती. एका क्वायरच्या कीबोर्डवाल्यानं टोचलेली पट्टी दुरुस्तीला आली होती. तक्रार अशी की बॉक्स बेसूर आहे. बॉक्स ठणठणीत होता. हिम्नलमध्ये, म्हणजे चर्चच्या गीतांच्या पुस्तकात, गाणं बी फ्लॅटमध्ये, म्हणजे काळी पाचमध्ये, छापलेलं; यांनी ते तसंच्या तसं उतरवलं. बॉक्समध्ये बी फ्लॅट नाही म्हणून शेजारच्या बी वर भोक पाडलं. पहिल्या दोन ओळींत बी फ्लॅट येतच नाही, म्हणून त्या सुरेख वाजतात. ‘ऑल इज काम’ही बरोबर. ‘ऑल इज ब्राइट’ला सा लागतो आणि तिथे दात आंबतात. पुढे ‘हेवनली’मधला वरचा म म्हणजे ई फ्लॅट, तोही बॉक्समध्ये नाही. आणि अगदी शेवटचा खालचा सा तर बॉक्सच्या सर्वांत खालच्या स्वराच्याही खाली जातो, त्यामुळे गाणं संपतच नाही, नुसतं थांबतं. सगळी चाल एक सप्तक वर ढकलली तर वरचं टोक बाहेर जातं. थोडक्यात, काळी पाचमध्ये ते या बॉक्सवर बसणारच नव्हतं.

उपाय एकच: सा पांढरी एकवर आणा आणि चाल तिथून मांडा. यावर ‘गाण्याची मूळ सुराची पट्टी बदलायची नाही’ हे उत्तर त्या कीबोर्डवाल्याकडून मिळालं. मूळ कुठली? योझेफ मोरचे शब्द 1816 चे, फ्रान्त्स ग्रुबरची चाल 1818 ची, आणि 24 डिसेंबर 1818 ला ऑस्ट्रियात ओबर्नडॉर्फच्या चर्चमध्ये गिटारवर ते पहिल्यांदा गायलं गेलं. मोरच्या हातची जी प्रत सापडली आहे ती डी मेजरमध्ये, म्हणजे पांढरी दोन. तिथला वरचा म सगळ्या मंडळींच्या गळ्याला चढतो. बी फ्लॅटमध्ये तो आवाक्यात येतो. तोच अभंग बुवा काळी एकमध्ये म्हणतात आणि बाई काळी चारमध्ये, अभंग बदलला असं कोणी म्हणत नाही. मग कॅरोलचंच सोवळं का? सुराची पट्टी हा गळ्याचा प्रश्न आहे. इथे गळा बॉक्सचा आहे आणि तो पांढरी एकचा आहे.

असो. कागद साधारण 160 ते 200 जीएसएमचा (हे कागदाच्या वजनाचं माप) कार्डशीट घ्या. झेरॉक्सचा 75 चा कागद दोन फेऱ्यांत भोकाकडून फाटतो, लग्नपत्रिकेचा 300 चा आत अडकतो. स्वरांच्या आडव्या ओळी 2 मिमी अंतरावर. काळाला एका मात्रेला 8 मिमी धरा. ‘सायलेंट नाइट’ तीन मात्रांच्या मोजणीनं 24 आवर्तनांचं आहे, म्हणजे 24 गुणिले 24 मिमी, 576 मिमी. दोन्ही टोकांना 5 सेंटिमीटर कोरे सोडा. पट्टी अंदाजे 68 सेंटिमीटरची होते. कार्डशीट तेवढं लांब नसेल तर दोन तुकडे टोकाला टोक भिडवून मागून पातळ टेपनं जोडा. एकावर एक चढवलेला जोड हमखास अडतो. सुरुवातीचे दोन्ही कोपरे तिरके कापा, नाहीतर पट्टी आत शिरताना दुमडते.

आधी सगळ्या 46 खुणा पेन्सिलीनं करा, गाऊन तपासा, मगच पंच हातात घ्या. भोक साधारण 2 मिमीचं, बॉक्सबरोबर येणाऱ्या पंचनंच. सुईनं किंवा कंपासच्या टोकानं टोचू नका. मागे कागदाची कड उभी राहते आणि शेजारचा स्वर वाजतो. भोक चुकलं तर मागून पातळ टेप लावून कड कापून टाका. जाड सेलोटेपचा ठिगळ नको.

पट्टी वाजत नाही, भलतंच वाजतंय, याचं नव्वद टक्के कारण म्हणजे ती पालथी घातलेली असते. खालचा सा बॉक्सच्या खालच्या स्वरांच्या बाजूला यायला हवा. उलटली की चढतं ते उतरतं होतं, आणि गंमत म्हणजे ते तालात वाजतं, म्हणून चूक लवकर कळत नाही. टोकावर बाण आणि ‘सा इकडे’ असं लिहून ठेवा.

‘जिंगल बेल्स’ सगळ्यांना हवं असतं. 1857 चं गाणं, ध्रुवपद फक्त सा ते प, पाच स्वर, म्हणून सोपं वाटतं. नाही. आत प्रत्येक स्वराला एक चांदणीसारखं चाक असतं. भोकात त्याचा दात अडकतो, चाक फिरतं आणि दुसरा दात आतल्या धातूच्या कंगव्याची पाती छेडतो, तिच्यातून स्वर निघतो. तोच स्वर पुन्हा हवा असेल तर साधारण 7 ते 8 मिमी अंतर लागतं, नाहीतर दुसरा स्वर गिळला जातो. ‘जिंगल बेल्स’मध्ये एकच ग धडाधड येतो, ‘इन अ’पाशी तर अर्ध्या मात्रेनं, म्हणजे 4 मिमीवर. मात्रा 16 मिमीची केली तर वाजेल, पण 16 आवर्तनांच्या ध्रुवपदाला मीटरभर पट्टी लागते. नाहीतर दुसरा ग एक सप्तक वर द्या. ऐकायला बरं लागतं, पण ते मूळ नव्हे. ‘डेक द हॉल्स’मध्ये मध्यापाशी तीव्र म येतो, म्हणून 15 स्वरी बॉक्सला तो बाद. ‘व्हाइट ख्रिसमस’ची तर पहिलीच ओळ विकृत, म्हणजे कोमल-तीव्र, स्वरांनी भरलेली, त्याला 30 स्वरीच हवा.

साथीचे खालचे स्वर हवे असतील तरी 30 स्वरीच घ्या. मात्र त्यात खालच्या सप्तकात सा, रे, प, ध, नी एवढेच असतात, म नाही. जिथे म ची साथ हवी तिथे ध द्या, चालून जातं.

आवाजाबद्दल. उघडं यंत्र हातात धरलं तर डासाएवढं ऐकू येतं. 3 मिमी प्लायच्या डब्याला स्क्रूनं घट्ट कसा, तळाला एक भोक ठेवा, खाली लाकडी पाय. मध्ये फोम किंवा रबर घातलंत की आवाज मेला. सागाची जाड फळी दिसायला भारी, वाजायला मुकी.

नाव डब्यावर कोरू नका, ते दुकानदारही करून देतो. पट्टीच्या मागच्या बाजूला नाव आणि तारीख लिहा, टोचण्याआधी, जेलपेननं नाही, कारण शाई रोलरला लागते. नावातल्या अक्षरांना स्वर देऊन धून करणारे लोक असतात. ती फक्त करणाऱ्याला गोड लागते, बाकीच्यांना नळावरची भांडी वाजल्यासारखी. पंच आणि दोन कोऱ्या पट्ट्या मात्र बरोबर द्या.

उशिरानं सांगायची गोष्ट म्हणजे, असे बॉक्स विकायला बसणार असाल तर जुनीच गाणी घ्या. भारतात कॉपीराइट लेखक-संगीतकाराच्या मृत्यूनंतर 60 वर्षं राहतो, आणि ‘व्हाइट ख्रिसमस’चे अर्विंग बर्लिन 1989 मध्ये गेले.

कॉफीच्या मगवर गाण्याचं नोटेशन छापून देण्याचंही विचारलंत. छापा, पण तिथे क्वायरच्या वहीतलीच सुराची पट्टी ठेवा. मग वाजवायचा नसतो, तिथे काळी पाच चालेल.