पहिल्यांदाच पेडिक्युअर करताय? एवढं बघा

पहिल्या वेळी साधं पेडिक्युअरच घ्या. चॉकलेट, वाइन वगैरे प्रकारांत बहुतेक वास आणि बिल वाढतं.

जाण्याआधी किमान 24 तास पायांना रेझर किंवा वॅक्स नको. त्वचेवर न दिसणाऱ्या चिरा पडतात आणि टबातल्या पाण्यातले जंतू तिथूनच आत शिरतात. पायाला जखम, चिखल्या किंवा नखाला बुरशी असेल तर बरं होईपर्यंत थांबा. मधुमेह असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

खुर्चीत बसल्यावर टबात नवीन प्लास्टिक घालायला सांगा. लाजू नका, चांगल्या पार्लरमध्ये ते न सांगताच घालतात. लोखंडी हत्यारं निर्जंतुक करता येतात. वजरी (टाच घासायचा दगड) आणि नखं घासायची कागदी कानस मात्र नाही, त्यांच्या छिद्रांत घाण राहते. या दोन वस्तू घरून न्या, फार महाग नसतात.

नवखे चुकतात ते इथे:

- टाच एकदम गुळगुळीत हवी म्हणून ब्लेड लावू देतात. कापलं जाण्याची भीती असतेच, शिवाय कडक कातडी पुन्हा येते. वजरीने घासा, रोज रात्री क्रीम लावा.
- नखांचे कोपरे खोल गोल कापून घेतात. मग नख मांसात रुततं. सरळच कापायला सांगा.
- क्यूटिकल, म्हणजे नखाच्या मुळाशी असलेली पातळ कातडी, कापू देतात. ती फक्त मागे सारायची.

नेलपॉलिश लावणार असाल तर बेस कोट (रंगाआधीचा पारदर्शक थर) मागा, नाहीतर गडद रंगाने नखं पिवळी पडतात. आणि चपला उघड्या बोटांच्या घालून जा.